अनुमतीवांचून कारभारी

लग्नाच्या पंगतींत कोणाचा पाट कोठें मांडला आहे यावरून यजमानाच्या मनांतील मानपानाची यादी जाणत्या माणसास वाचतां येते. २० जानेवारी २०२५ रोजीं वॉशिंग्टन येथें अमेरिकेच्या नव्या अध्यक्षांचा शपथविधि झाला, तेव्हां पाट मांडणाऱ्यांनीं ही यादी सगळ्या जगापुढें उघडी करून ठेविली. कडाक्याच्या थंडीमुळें सोहळा कॅपिटॉलच्या पायऱ्यांवर न होतां आंत घुमटाखालीं झाला. जागा थोडी आणि मानकरी फार. राज्यांच्या कित्येक गव्हर्नरांना दुसऱ्या दालनांत बसून पडद्यावर शपथ पाहावी लागली. परंतु इलॉन मस्क, जेफ बेझोस, मार्क झुकरबर्ग, सुंदर पिचाई, टिम कुक या संगणक-व्यवसायांतील बड्या मंडळींना पुढचीं आसनें मिळालीं, आणि ज्यांना अध्यक्ष ट्रम्प यांनीं मंत्रिपदासाठीं निवडलें होतें ते भावी मंत्री त्यांच्या मागें बसले. हें चित्र पाहून पुष्कळांची करमणूक झाली. आमची झाली नाहीं.

परदेशच्या राजकारणाशीं आपल्याला काय करावयाचें, असें म्हणणारा वाचक आतां मराठी मध्यम वर्गांत विरळा. ज्या घरांतील मुलगा न्यू जर्सींत किंवा मुलगी कॅलिफोर्नियांत नाहीं, त्या घरांतील निदान एखादा भाचा तरी तेथें असतोच. ५ नोव्हेंबर २०२४ च्या मतदानापासून शपथविधीपर्यंत ७६ दिवस गेले. त्या दिवसांत आमच्या परिचित घरांतून जीं मतें आमच्या कानीं आलीं त्यांचा मथितार्थ असा कीं, राज्य चालविणें हा अखेर एक व्यवसाय आहे. ज्यांनीं अब्जावधींचे व्यवसाय उभे केले त्यांच्या हातीं तो दिला तर बिघडलें काय? गर्भश्रीमंताला चोरी करण्याचें कारण नाहीं, कर्तबगाराला शिकवण्याची गरज नाहीं, आणि सरकारी कचेऱ्यांतील सुस्ती तर कोणी तरी मोडावयास हवीच होती. असें बोलणारे लोक मूर्ख नाहींत. ते शिकलेले आहेत, कर वेळेवर भरणारे आहेत, आणि एका दाखल्यासाठीं कचेरीच्या चार खेपा त्यांनीं घातलेल्या आहेत. त्यांचा वैताग खरा आहे. पण वैतागलेल्या माणसाला जो पहिला वैद्य भेटतो तो बहुधा भोंदू असतो, हेंही तितकेंच खरें आहे.

अमेरिकेच्या राज्यघटनेनें १७८७ सालीं ठरविलें कीं, मंत्री, राजदूत, न्यायाधीश यांची निवड अध्यक्षानें करावी, परंतु नेमणूक सेनेटच्या सल्ल्यानें व संमतीनें व्हावी. यांतील मर्म अलेक्झांडर हॅमिल्टन यांनीं दुसऱ्याच वर्षीं 'फेडरलिस्ट' लेखमालेच्या ७६ व्या लेखांत उलगडून सांगितलें. सेनेट वारंवार नकार देईल अशी त्यांची अपेक्षा नव्हती. आपण ज्याचें नांव पाठवूं त्याची छाननी होणार, ही जाणीवच अध्यक्षाचा हात आवरील. केवळ आपला हुजऱ्या, आपला आप्त, आपल्या तंत्रानें वागणारा एवढीच ज्याची लायकी, त्याला पुढें करण्याची अध्यक्षाला लाज वाटेल आणि भीतिही वाटेल, असा त्यांचा हिशेब होता. लाज हें राज्ययंत्राचें एक चाक आहे असें समजून ज्यांनीं राज्य रचलें, त्यांच्या भोळेपणाला हंसावें कीं शहाणपणाला नमस्कार करावा, हें वाचकांनींच ठरवावें. सव्वादोनशेंहून अधिक वर्षांत सेनेटनें मंत्र्यांचीं अवघीं नऊ नांवें मतदानानें नाकारलीं. शेवटचें नांव १९८९ सालीं जॉन टॉवर यांचें.

या नऊंपैकीं एक प्रकरण मुद्दाम सांगण्यासारखें आहे. १९२५ सालीं अध्यक्ष कूलिज यांनीं चार्ल्स वॉरन यांचें नांव अॅटर्नी-जनरलच्या जागेसाठीं पाठविलें. मक्तेदार कंपन्यांवर खटले भरण्याचें काम याच अधिकाऱ्याचें. आणि वॉरन हे तर साखरेच्या मक्तेदारीशीं वर्षानुवर्षें निगडित असलेले गृहस्थ. (साखर आणि राजकारण यांचा संबंध महाराष्ट्रांतील वाचकांस समजावून सांगावयास नको.) ज्याला चोर धरावयाचे तोच चोरांच्या पेढीचा जुना कारभारी कसा चालेल, असा सवाल सेनेटमध्यें अध्यक्षांच्या स्वतःच्या पक्षांतूनही उठला. १० मार्च रोजीं मतें पडलीं तीं ४० विरुद्ध ४०. अशा वेळीं उपाध्यक्षाचें एक मत निर्णायक. पण उपाध्यक्ष डॉझ, आज मतदान होणार नाहीं असें ऐकून, विलर्ड हॉटेलांत दुपारची झोंप घेत होते! त्यांना उठवून मोटारींतून आणीपर्यंत एका सभासदानें आपलें मत फिरविलें आणि वॉरन पडले. कूलिज यांनीं हट्टानें तेंच नांव पुन्हा पाठविलें. सेनेटनें तें पुन्हा, आणि या वेळीं अधिक मतांनीं, परत केलें. लोक या गोष्टींतील झोंपेला हंसतात. आम्हांस त्यांतील जागेपणाचें कौतुक वाटतें. धनिकाचे हितसंबंध आणि राज्याचा अधिकार एका हातांत नसावे, एवढें साधें तत्त्व सांभाळण्यासाठीं स्वपक्षाच्या अध्यक्षाला दोनदां नाहीं म्हणणारे सभासद शंभर वर्षांपूर्वीं त्या सभागृहांत होते.

आतां २०२४ च्या हिंवाळ्याकडे येऊं. निवडून आल्यावर पांचव्या दिवशीं, १० नोव्हेंबरला, ट्रम्प यांनीं मागणी केली कीं, सेनेटचा जो कोणी नेता होऊं इच्छील त्यानें सभागृहाच्या सुटींत परस्पर नेमणुका करण्याची मोकळीक द्यावी. म्हणजे छाननीची कटकटच नको. ही मागणी अखेर तडीस गेली नाहीं. १३ नोव्हेंबरला त्यांनीं अॅटर्नी-जनरलसाठीं मॅट गेट्झ यांचें नांव जाहीर केलें. त्यांच्या वर्तनाची चौकशी प्रतिनिधिगृहाच्या नीतिविषयक समितीपुढें चालूं होती. आठ दिवसांत त्यांनीं माघार घेतली. परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांस मात्र ९९ विरुद्ध शून्य मतांनीं मान्यता मिळाली. संरक्षणखात्यासाठीं सुचविलेले पीट हेगसेथ हे दूरचित्रवाणीवरील निवेदक. त्यांच्याविरुद्ध त्यांच्याच पक्षाचे तीन सभासद गेले, मतें ५० विरुद्ध ५० पडलीं, आणि २४ जानेवारी २०२५ रोजीं उपाध्यक्ष व्हान्स यांनीं आपलें मत टाकून त्यांना तारलें. या वेळीं उपाध्यक्ष झोंपले नव्हते.

सेनेटनें आपलें कर्तव्य उत्तम बजावलें असें आम्ही म्हणत नाहीं. प्रश्न विचारणाऱ्यांपैकीं अर्ध्यांना उत्तर नको होतें आणि उरलेल्या अर्ध्यांचे मत आधींच ठरलेलें होतें. मंत्र्यांच्या नेमणुकीस साधें बहुमत पुरे, हा नियमही ट्रम्प यांच्या पक्षानें केलेला नव्हे. तो २०१३ सालीं डेमोक्रॅटिक पक्षानें आपल्या सोयीसाठीं केला, आणि दुसऱ्यासाठीं खणलेल्या खड्ड्यांत तो पक्ष आतां पडला आहे. तथापि इतकें होऊनही हेगसेथ यांना समितीपुढें बसावें लागलें, आपल्या मिळकतीचे कागद द्यावे लागले, मद्यपानासारखे अवघड प्रश्न देशासमक्ष ऐकावे लागले. गेट्झ यांना तर प्रश्नाआधींच घरीं जावें लागलें. दार किलकिलें झालें होतें, पण दार होतें.

आमचा आक्षेप निराळा आहे. पुढच्या दारावर ही झडती चाललेली असतांना मागच्या बाजूला भिंतच पाडण्यांत आली, आणि तिकडे पाहण्यास कोणी नव्हतें.

१२ नोव्हेंबर २०२४ रोजीं ट्रम्प यांनीं जाहीर केलें कीं, मस्क आणि विवेक रामस्वामी हे 'शासकीय कार्यक्षमता विभाग' चालवतील. अमेरिकेंत खातें निर्माण करण्याचा अधिकार काँग्रेसचा आहे. हें खातें काँग्रेसनें निर्माण केलेलेंच नव्हतें. शपथविधीच्या दिवशीं एका जुन्या संगणक-सेवेच्या कचेरीची पाटी बदलून तिला हें नांव देण्यांत आलें. रामस्वामी त्याच दिवशीं बाहेर पडले, कारण त्यांना ओहायो राज्याचें गव्हर्नरपद लढवावयाचें होतें. मस्क 'विशेष सरकारी नोकर' झाले. वर्षांतून १३० दिवसांपर्यंत काम करणाऱ्या तज्ज्ञांसाठीं ही सोय आहे. तिला सेनेटची संमति लागत नाहीं. ज्या गृहस्थांनीं या निवडणुकींत २५ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम ओतली, मतदारांच्या एका अर्जावर सही करणाऱ्यांमधून रोज एकाला दहा लाख डॉलर वांटले, ज्यांच्या कंपनीला चंद्रावर उतरणाऱ्या यानासाठीं २०२१ सालीं २८९ कोटी डॉलरांचें सरकारी कंत्राट मिळालें आणि अंतराळस्थानक कक्षेंतून खालीं आणण्यासाठीं २०२४ सालीं ८४ कोटी डॉलरांपर्यंतचें दुसरें, ज्यांच्या अग्निबाणांना आणि मोटारींना परवाने देणारीं व त्यांची चौकशी करणारीं खातीं त्याच सरकारचीं, त्यांना त्या सर्व खात्यांचा खर्च कापण्याची कात्री देण्यांत आली. १९२५ सालीं वॉरन यांचा संबंध एका साखरेशीं होता! ५ डिसेंबरला कृत्रिम बुद्धिमत्ता व आभासी चलन यांचे सूत्रधार म्हणून डेव्हिड सॅक्स यांचें नांव जाहीर झालें. ते भांडवल गुंतवणारे व्यावसायिक. त्यांनाही सेनेटचें दार ओलांडावें लागलें नाहीं.

हा अधिकार किती आहे याचा पुरावा मिळण्यास शपथविधीपर्यंतही थांबावें लागलें नाहीं. सरकारचा खर्च चालूं ठेवण्यासाठीं दोन्ही पक्षांच्या नेत्यांनीं एक विधेयक सिद्ध केलें होतें. १८ डिसेंबर रोजीं मस्क यांनीं आपल्या मालकीच्या 'एक्स' या माध्यमावर पहांटेपासून त्याविरुद्ध तोफ डागली. दिवसभरांत शंभराहून अधिक मजकूर त्यांनीं टाकले. जो सभासद या विधेयकाला मत देईल त्याला दोन वर्षांनीं मतदारांनीं घरीं पाठवावें, असेंही बजावलें. सभासदांचा पगार चाळीस टक्क्यांनीं वाढणार असल्याचा मजकूर त्यांनीं पसरविला. प्रत्यक्षांत ती वाढ फार तर ३.८ टक्के होती. संध्याकाळपर्यंत विधेयक मेलें. तीन दिवसांनीं जें मंजूर झालें तें ११८ पानांचें. मूळ विधेयक १,५४७ पानांचें होतें, आणि दीड हजार पानें दोन दिवसांत वाचून हात वर करा असें सभासदांना सांगणें हीही थट्टाच होती, हें आम्ही मोकळेपणानें कबूल करतों. परंतु थट्टेला उत्तर म्हणून दरडावणी चालत नाहीं. ज्याला एका मतदारानेंही निवडलें नाहीं आणि ज्याची अद्याप कोणत्याही पदावर नेमणूक झालेली नाहीं, त्यानें खाजगी मालकीच्या ध्वनिक्षेपकावरून एका दिवसांत कायदेमंडळाचा ठरलेला बेत मोडावा, याला कार्यक्षमता म्हणावयाचें असेल तर पेंढाऱ्यांइतके कार्यक्षम कोणी झाले नाहींत.

बाकीच्या धनिकांनीं वाऱ्याची दिशा ओळखली. झुकरबर्ग यांची मेटा, बेझोस यांची अॅमेझॉन यांनीं शपथविधीच्या निधीस दहा दहा लाख डॉलर दिले. टिम कुक आणि सॅम ऑल्टमन यांनीं पदरचे दिले. अखेर त्या निधींत सुमारें २३ कोटी ९० लाख डॉलर जमले. मेटानें ७ जानेवारीला अमेरिकेंतील आपल्या माध्यमांवरची तथ्यतपासणीची व्यवस्था गुंडाळण्याचें जाहीर केलें, आणि महिनाअखेरीस ट्रम्प यांनीं लावलेला एक जुना दावा अडीच कोटी डॉलर देऊन मिटविला. बेझोस यांच्या मालकीच्या 'वॉशिंग्टन पोस्ट' या पत्रानें निवडणुकीपूर्वींच कोणाही उमेदवारास पाठिंबा न देण्याचें ठरविलें होतें. पुढें त्याच पत्राच्या व्यंगचित्रकार अॅन टेल्नेस यांनीं एक चित्र काढलें: ट्रम्प यांच्या पुतळ्यापुढें धनिक गुडघे टेंकून पैशांच्या थैल्या अर्पण करीत आहेत आणि त्यांत पत्राचे मालकही आहेत. चित्र छापलें गेलें नाहीं. जानेवारी २०२५ च्या आरंभीं त्यांनीं राजीनामा दिला, आणि मे महिन्यांत त्यांना पुलित्झर पारितोषिक मिळालें. या सर्व प्रकरणांत ज्यांचा कणा शाबूत राहिला अशा थोड्या माणसांत कुंचला धरणारी एक बाई होती, याची नोंद आम्हांस मुद्दाम करावीशी वाटते.

मावळते अध्यक्ष बायडेन यांनीं १५ जानेवारीच्या निरोपाच्या भाषणांत धनाढ्य मूठभरांच्या सत्तेविषयीं इशारा दिला, आणि १९६१ सालीं आयसेनहॉवर यांनीं लष्कर व उद्योग यांच्या युतीबद्दल दिलेल्या इशाऱ्याचें स्मरण करून दिलें. इशारा खरा, पण वरातीमागून घोडें. आयसेनहॉवर यांच्या शब्दाला वजन होतें, कारण तो सेनापतीनें सेनेबद्दल काढलेला होता. बायडेन यांच्या पक्षानें त्याच व्यवसायांतील धनिकांच्या देणग्या वर्षानुवर्षें आनंदानें घेतल्या, आणि खुद्द त्यांनीं डिसेंबरच्या पहिल्या तारखेस आपल्या मुलाला माफी देऊन नीतीच्या गोष्टी सांगण्याचा आपला अधिकार बराचसा खर्ची घातला होता.

यावर आमचे मित्र विचारतात कीं, धनिक राज्यकारभारांत नव्यानें का शिरले? १९२१ पासून अकरा वर्षें अँड्र्यू मेलन हे अर्थमंत्री होते. देशांतील अतिश्रीमंतांत त्यांची गणना होई. उत्तर असें कीं, मेलन यांचें नांव सेनेटपुढें गेलें होतें, आणि म्हणूनच ते पदावर असतांना १९३२ च्या जानेवारींत त्यांच्यावर महाभियोगाची मागणी आणतां आली. पदाला धरून जाब विचारतां येतो. पद नसलेल्याला काय धरून विचारणार? दुसरें उदाहरण घरचें आहे. बेळगांवांत वाढलेले आणि मिशिगनमधून प्रतिनिधिगृहांत निवडून गेलेले श्री. श्री ठाणेदार हेही उद्योगपति. त्यांचें आत्मचरित्र मराठी घरांतून आवडीनें वाचलें गेलें आहे. त्यांनीं निवडणुकांत स्वतःचा पैसा भरपूर खर्च केला आणि २०१८ सालीं गव्हर्नरपदाच्या प्राथमिक फेरींत पराभवही पत्करला. पैशाचा हा वापर आम्हांस फारसा रुचत नाहीं. पण ते स्वतः उभे राहिले, दारोदार मतें मागितलीं, लोकांनीं एकदां नाहीं म्हटलें तें ऐकलें. धनिकानें मत मागणें आणि धनिकानें मत मागणाऱ्याला विकत घेऊन ठेवणें यांत जो फरक आहे, तो फरक म्हणजेच लोकराज्य.

आतां आमच्या घरांतील एका आनंदाबद्दल लिहिणें भाग आहे. २०२४ च्या डिसेंबराअखेर अमेरिकेंत 'एच-१बी' परवान्यावरून मोठें रण माजलें. चेन्नईंत जन्मलेले श्रीराम कृष्णन यांची नेमणूक निमित्तास कारण झाली. ट्रम्प यांच्या अनुयायांपैकीं एक गट परदेशी अभियंत्यांवर तुटून पडला. मस्क आणि रामस्वामी यांनीं परवान्यांची कड घेतली, आणि २८ डिसेंबरला ट्रम्प यांनींही त्यांच्या बाजूनें कौल दिला. ज्या परवान्यांपैकीं दहांतील सात हिंदी माणसांना मिळतात, त्यांचा असा कैवार घेतलेला पाहून पुण्याच्या आणि ठाण्याच्या दिवाणखान्यांतून केवढें समाधान पसरलें! श्रीमंत माणसें आपल्या मुलांच्या बाजूचीं आहेत, मग त्यांचा वशिला सेनेटनें तपासला काय, न तपासला काय? आम्हांसही त्या मुलांची काळजी आहे. त्यांपैकीं कांहींना आम्हीं लहानपणापासून पाहिलें आहे. परंतु त्या आठवड्यांत आमच्या मुलांना कोणताही हक्क मिळाला नव्हता. मिळाली होती ती मर्जी. १९ सप्टेंबर २०२५ रोजीं त्याच अध्यक्षांनीं एका जाहीरनाम्यानें नव्या परवान्याच्या अर्जावर एक लक्ष डॉलरांचा आकार बसविला. म्हणजे सुमारें ८८ लाख रुपये. तोंपर्यंत मस्क सरकारांतून गेलेले होते. जाहीरनामा शुक्रवारीं निघाला आणि अंमल रविवारपासून. तो आकार जुन्या परवानेधारकांस लागूं नाहीं असा खुलासा येईपर्यंत सुटीवर घरीं आलेलीं किती मुलें पहिल्या विमानाचें तिकीट शोधीत धांवलीं, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं आपल्या घरांत पाहिलें असेल.

मर्जी गेली म्हणजे काय होतें, हें मस्क यांनाही कळलें. मे २०२५ च्या अखेरीस ते पदावरून दूर झाले, आणि ५ जूनला दोघां मित्रांचें जाहीर भांडण जुंपलें. त्या भांडणांत अध्यक्षांनीं धमकी दिली कीं, मस्क यांचीं सरकारी कंत्राटें बंद करूं. हें वाक्य आम्हांस फार बोलकें वाटतें. कंत्राटें लायकीवर दिलेलीं असतील तर भांडण झालें म्हणून तीं काढून घेतां येत नाहींत. आणि भांडणानें काढून घेतां येत असतील, तर मैत्रीनें काय काय देतां येत होतें? दरम्यान परदेशांस साहाय्य देणारी 'यूएसएड' ही साठ वर्षांहून जुनी संस्था १ जुलै २०२५ रोजीं औपचारिकपणें संपली होती. ती मोडण्यांत मस्क यांच्या मंडळीचा हात अग्रेसर होता. संस्थेंत दोष असतील. नव्हते असें कोण म्हणेल? परंतु दवाखाने, धान्य, क्षयाचीं औषधें यांवर चाललेला खर्च कोणत्या सभागृहांत, कोणाच्या प्रश्नांना उत्तर देऊन थांबविला गेला?

मस्क यांच्या वर्तुळांतील एक गृहस्थ मात्र पुढच्या दारानें आले. जॅरेड आयझॅकमन यांनीं मस्क यांच्या अग्निबाणांतून स्वखर्चानें अंतराळप्रवास केला होता, आणि नासाच्या प्रमुखपदासाठीं त्यांचें नांव डिसेंबर २०२४ मध्येंच जाहीर झालें होतें. पुढें मित्रांची मर्जी फिरली तेव्हां तें मागें घेतलें गेलें, फिरून पाठविलें गेलें, आणि डिसेंबर २०२५ मध्यें सेनेटनें तें मान्य केलें. ९ एप्रिल २०२५ रोजीं ते समितीपुढें आले, तेव्हां मॅसॅच्युसेट्सचे सभासद मार्की यांनीं त्यांना विचारलें कीं, अध्यक्षांनीं तुम्हांला हें पद देऊं केलें त्या वेळीं मस्क त्या खोलींत होते काय? आयझॅकमन म्हणाले, माझी भेट अध्यक्षांशीं होती. मार्की यांनीं तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला आणि उत्तर तेंच आलें. मस्क यांना स्वतःला समितीपुढें बोलावण्याचा ठराव प्रतिनिधिगृहांत विरोधी पक्षानें फेब्रुवारींतच आणला होता. तो बहुमतवाल्यांनीं हाणून पाडला.